आधी खातं बंद, मग अ‍ॅप: पैशांच्या खेळांना दिलेली कागदपत्रं सुरक्षित कशी करायची

जुलैमध्ये आमच्याकडे रिटर्न भरायला गर्दी असते. मी कराडात नोकरदारांची आणि छोट्या दुकानदारांची रिटर्न भरून देतो. गेली दोन-तीन वर्षं एक संवाद ठरल्यासारखा होतो. समोर पंचविशीतला मुलगा बसलेला, मी त्याचं २६एएस (पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता) उघडलेलं, आणि पगाराच्या टीडीएसखाली, म्हणजे आधीच कापलेल्या कराखाली, एक वेगळीच ओळ: कलम १९४बीए, कुठल्याशा गेमिंग कंपनीचं नाव, कापलेली रक्कम.

"हे काय रे?"

"माझं नाही सर. मी खेळतच नाही."

मी गप्प बसतो. मिनिटभराने उत्तर येतं, "चुलतभावाला पॅन दिला होता, बोनससाठी. पण ते अ‍ॅप आम्ही तेव्हाच डिलीट केलं."

इथंच घोडं पेंड खातं. अ‍ॅप डिलीट केलं की फोनवरचं चिन्ह जातं. कंपनीकडे दिलेला पॅन, आधारचा दोन्ही बाजूंचा फोटो, सेल्फी, खाते क्रमांक यातलं काहीही जात नाही. उलट ते खातं बंद करायची, आत काय काय होतं ते बघायची तुमची वाट मात्र बंद होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला आणि मोठ्या कंपन्यांनी रमी, फँटसी वगैरे पैशांचे खेळ थांबवले. त्या आठवड्यात लोकांनी धडाधड अ‍ॅप्स काढून टाकली. परदेशातून चालणारी बेटिंगची अ‍ॅप्स आणि टेलिग्रामवर बेटिंगचे लॉगिन आयडी देणारे मात्र अजून फिरतायत. तुम्ही पहिल्या प्रकारात असा की दुसऱ्या, आवराआवर एकाच क्रमाने करायची आहे. क्रम चुकला तर काय अडतं ते जागोजागी सांगतो. अ‍ॅप आधीच काढून टाकलं असेल तर त्याचीही वाट पुढे आहे.

## तयारी: एक वही, एक निवांत दुपार

सुट्टीच्या दिवशी तीन तास काढा. लागणाऱ्या गोष्टी अशा: ज्या नंबरावरून खातं उघडलं ते सिम चालू अवस्थेत, तोच ईमेल, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँकेचं गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट. काम स्वतःच्या फोनवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर करा. झेरॉक्सच्या दुकानात नको. आमच्या नाक्यावरच्या एका दुकानात मी प्रिंट काढायला गेलो होतो, तिथल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये लोकांच्या आधारच्या पीडीएफची यादी खाली सरकवत गेलो तरी संपेना. त्यात दोन फायली माझ्याच गिऱ्हाइकांच्या होत्या.

आता शोध. कोणत्या अ‍ॅपला काय दिलं हे आठवणीवर सोडू नका, हमखास दोन-तीन राहून जातात. एसएमएसमध्ये आणि ईमेलमध्ये 'केवायसी', 'विथड्रॉवल', 'बोनस', 'व्हेरिफाइड' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. मग स्टेटमेंटवर यूपीआयच्या नोंदी वाचा. कंपनीचं नाव नेहमी अ‍ॅपच्या नावासारखं नसतं, त्यामुळे अनोळखी नाव दिसलं की रकमेवरून आणि तारखेवरून ताळा घ्या.

वहीत प्रत्येक अ‍ॅपसाठी एक ओळ करा: अ‍ॅपचं नाव, मोबाइल, ईमेल, दिलेली कागदपत्रं, जोडलेलं खातं किंवा यूपीआय आयडी, शिल्लक, बंद केल्याची तारीख. शेवटचा रकाना आज रिकामा राहील.

तपासा: घरातल्या दुसऱ्या कोणाची कागदपत्रं वापरली होती का? 'नवीन खात्याला बोनस' या आमिषापायी आईचा पॅन, बायकोचं आधार वापरलेली माणसं मी स्वतः पाहिलीत. तसं असेल तर त्यांच्याही नावाने ओळी करा आणि पुढचे सगळे टप्पे त्यांच्यासाठीही करा. त्यांना सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

## टप्पा १: पैशांचे नळ बंद करा

ओळख चोरणाऱ्याचं पहिलं लक्ष्य पैसा असतो, म्हणून आधी हे.

यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) असा भाग असतो. तो उघडून चालू मॅन्डेट बघा आणि गेमिंगचे रद्द करा. एकाहून जास्त यूपीआय अ‍ॅप वापरत असाल तर प्रत्येकात जाऊन बघा. नेट बँकिंगमध्येही ई-मॅन्डेटची यादी असते, तीही चाळा.

कार्डाचं थोडं वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या व्यापाऱ्यांना तुमचा कार्ड क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली क्रमांक, असतं. बँकेच्या अ‍ॅपमधून ते टोकन काढून टाकलं की विषय मिटला. परदेशी बेटिंग साइट मात्र हा नियम पाळत बसत नाही. तिथं कार्ड टाकलं असेल तर तो क्रमांक गेला असंच धरा. कार्ड ब्लॉक करून नवीन घ्या, आणि नव्या कार्डावर परदेशी व्यवहारांचं बटण बंद ठेवा.

परदेशी बेटिंगची आणखी एक भानगड फार कमी लोकांना ठाऊक असते. अशा अ‍ॅप्सवर पैसे भरताना दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाचा क्यूआर येतो. कधी भाजीवाला, कधी कुणी विद्यार्थिनी. ही भाड्याने घेतलेली किंवा चोरलेल्या कागदपत्रांवर उघडलेली खाती असतात. जिंकलेले पैसेही त्यातूनच येतात. त्या खात्याविरुद्ध दुसऱ्या राज्यात कोणी तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत पोहोचतात आणि तुमचं पगाराचं खातं गोठतं. तेव्हा अशा अ‍ॅपमधली शिल्लक काढायची असेल तर पगार येतो त्या खात्यात कधीच घेऊ नका. माझं मत विचाराल तर हजार-दोन हजारांसाठी ती काढायच्या भानगडीतच पडू नका.

## टप्पा २: आतलं चित्र टिपून ठेवा

खातं बंद करण्याआधी आत जाऊन स्क्रीनशॉट घ्या: प्रोफाइल, युझर आयडी, केवायसीची स्थिती, जोडलेलं बँक खातं, व्यवहारांचा इतिहास. उद्या तुमच्या नावाने भलताच व्यवहार निघाला तर 'माझं खातं अमुक होतं आणि अमुक तारखेला बंद झालं' हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

इथंच प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना, ते नीट वाचा. एका मुलाच्या खात्यात नाव आणि पॅन त्याचा होता, बँक खातंही त्याचं, पण मोबाइल कुणा तिसऱ्याचा. खातं उघडून देणाऱ्या 'एजंट'ने स्वतःचा नंबर टाकून ठेवला होता. ओटीपी वर्षभर त्याच्याकडे जात होते.

अ‍ॅप आधीच काढलं असेल तर: कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून त्याच नंबराने लॉगिन करून बघा. परदेशी अ‍ॅप असेल तर ते पुन्हा फोनवर टाकू नका. जुने एसएमएस, ईमेल आणि स्टेटमेंट हाच तुमचा पुरावा, त्याचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा.

सावध: बंदीनंतर 'तुमची अडकलेली शिल्लक परत देतो' म्हणणाऱ्यांचं पेव फुटलंय. प्रक्रिया शुल्क भरा, जीएसटी भरा, स्क्रीन शेअर करा, यूपीआय पिन टाका. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून शोधू नका, वर येणारे अनेक नंबर ठगांचेच असतात. अ‍ॅपमध्ये किंवा कंपनीच्या साइटवर जे दिलंय तेवढंच खरं माना.

## टप्पा ३: लेखी कळवून खातं बंद करा

अ‍ॅपमधलं 'डिलीट अकाउंट' बटण दाबलं तरी ईमेल पाठवाच. बटणाची पोच मिळेलच असं नाही, ईमेलची तारीख मात्र तुमच्याकडे राहते. नोंदवलेल्या ईमेलवरूनच, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, इंग्रजीत चार मुद्दे लिहा:

१. माझा युझर आयडी अमुक, मोबाइल तमुक. हे खातं कायमचं बंद करा.

२. माझ्या कागदपत्रांच्या वापराला दिलेली संमती मी मागे घेत आहे. कायद्याने ठेवावी लागणारी माहिती सोडून बाकी सगळी पुसून टाका.

३. जी माहिती ठेवणार आहात ती कोणती आणि कशासाठी, ते लेखी कळवा.

४. माझ्या पॅनवर दुसरं कोणतं खातं आहे का, ते तपासून सांगा.

चौथा मुद्दा लोक गाळतात, आणि नेमकं काहीतरी तिथंच सापडतं.

या ईमेलला आधार किंवा पॅनची प्रत जोडू नका. ज्याच्याकडून माहिती काढून घ्यायची त्यालाच पुन्हा नवी प्रत पाठवायची, हे हात दाखवून अवलक्षण झालं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि ठरावीक मुदतीत निकाल द्यायचा असतो. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण माहिती पुसून घेण्याच्या हक्कासकट बहुतांश तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणून आज उत्तर गोलगोल आलं तर नवल वाटून घेऊ नका. तुमची मागणी तारखेसह नोंदलेली असणं हेच आत्ता महत्त्वाचं.

परदेशी अ‍ॅपला असा ईमेल पाठवून काही होत नाही, उलट 'हा पत्ता चालू आहे' एवढं त्यांना कळतं. तिथं सरळ पुढच्या कामाला लागा.

नंतर गुगल किंवा फेसबुक खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन जोडलेल्या अ‍ॅप्सच्या यादीतून त्या अ‍ॅपची परवानगी काढा. डिजिलॉकरमधून आधार दिलं असेल तर तिथली संमतीही रद्द करा. तोच पासवर्ड ईमेलला किंवा बँकेला वापरत असाल तर आज, आत्ता बदला.

आणि मग, शेवटी, अ‍ॅप काढा.

तपासा: अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घेतलं होतं की वेबसाइटवरून आलेल्या लिंकने? लिंकवरून एपीके टाकलं असेल तर काढण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' या दोन जागी त्याचं नाव आहे का बघा. असेल तर आधी तिथून बंद करा, नाहीतर ते निघतही नाही. एसएमएस वाचायची परवानगी त्याला होती असं दिसलं तर फोटो-कागद दुसरीकडे घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा. हा उपद्व्याप वाटतो खरा, पण ओटीपी वाचणारं अ‍ॅप फोनमध्ये ठेवून पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ४: आधार

आधार क्रमांक बदलून मिळत नाही. म्हणून त्याचा वापर आवळायचा.

मायआधार पोर्टलवर किंवा आधारच्या अ‍ॅपवर लॉगिन करून सर्वांत आधी 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' काढा. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कोणी, कधी आणि कशाने पडताळलं, ओटीपीने की अंगठ्याने, हे तिथं दिसतं. एका वेळी ५० नोंदी येतात. तारखा जुळवा: सिम घेतलं, बँकेत गेलो, रेशन आणलं. जी नोंद आठवत नाही तिच्या एजन्सीचं नाव लिहून घ्या. न ओळखलेली अंगठ्याची नोंद सर्वांत गंभीर, तिच्यासाठी १९४७ या आधारच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि त्या दिवशीचं स्टेटमेंट बघा.

दुसरं, बायोमेट्रिक लॉक करा. यामुळे तुमच्या बोटाचा नकली ठसा वापरून आधारवरून पैसे काढणं थांबतं.

सावध: घरी रेशन अंगठ्यावर मिळत असेल तर लॉक केल्याचं ज्याने रेशन आणायचं त्याला सांगा. आमच्या शेजारच्या आजींचं लॉक नातवाने केलं आणि कामाला पुण्याला निघून गेला. दुकानातलं मशीन '३३०' असा एरर दाखवत राहिलं. अंगठा झिजला म्हणून दुकानदाराने आजींच्या बोटाला आधी तेल, मग पावडर लावून पाहिली. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे. थोड्या वेळापुरतं उघडता येतं, ते कसं हे आधीच शिकवून ठेवा.

तिसरं, आधार क्रमांक लॉक करण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी आधी १६ अंकी व्हर्च्युअल आयडी (आधारऐवजी वापरायचा क्रमांक) काढावा लागतो आणि उघडतानाही तोच लागतो. लोक तो कुठेच लिहून ठेवत नाहीत आणि मग अडकतात. वहीत लिहिणार असाल तरच हे करा. बहुतेकांना बायोमेट्रिक लॉक पुरेसं आहे.

यापुढे कोणालाही आधार द्यायचं तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. फाइलला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष हा तो पासवर्ड, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या फेसबुकवर असतात.

## टप्पा ५: पॅन आणि कर्ज

माझ्या अनुभवात पॅनचा गैरवापर सर्वांत जास्त आणि लक्षात येतो सर्वांत उशिरा.

आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करा. प्रोफाइलमधला मोबाइल-ईमेल तुमचाच आहे ना? सायबर कॅफेवाल्याने रिटर्न भरताना स्वतःचा टाकलेला असतो. तो आधी बदला. मग २६एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवरच्या आर्थिक व्यवहारांचं वार्षिक विवरण) दोन्ही उघडा.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या कलम १९४बीएप्रमाणे ऑनलाईन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कंपनी ३० टक्के टीडीएस कापते, पैसे काढताना किंवा आर्थिक वर्षाच्या शेवटी. म्हणजे तुमच्या पॅनवर कोणी खेळून जिंकलं असेल तर त्याची खूण इथं उमटते. आत्तापर्यंतची सगळी वर्षं एकेक करून बघा, फक्त चालू वर्ष नको.

न ओळखलेली नोंद निघाली तर एआयएसमध्ये त्या ओळीसमोर फीडबॅकचा पर्याय असतो. 'माहिती नाकारली' आणि 'माहिती दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे' असे वेगवेगळे पर्याय आहेत, खरा तोच निवडा. त्यावर माहिती देणाऱ्या कंपनीकडे विचारणा जाऊ शकते. सोबत कंपनीलाही ईमेल करा आणि त्या खात्याचा मोबाइल व बँक खातं कोणाचं होतं ते विचारा.

सावध: ३० टक्के टीडीएस दिसला की काहींचे डोळे चमकतात: "सर, हा रिफंड मागून टाकू." टीडीएसचं श्रेय घ्यायचं तर ते उत्पन्नही स्वतःचं म्हणून दाखवावं लागतं. त्यावर सरळ ३० टक्के कर असतो. न खेळलेल्या खेळाचं उत्पन्न सहीनिशी आपलं म्हणून घेतलंत तर नंतर 'माझी ओळख चोरली' कोणत्या तोंडाने म्हणणार?

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचं प्रकरण मात्र चोरीचं नव्हतं. पॅन त्याने राजीखुशीने दिला होता. तिथं 'नाकारली' म्हणणं खोटं ठरलं असतं, म्हणून चुलतभावाला बोलावून हिशोब मांडला आणि उत्पन्न दाखवून रिटर्न भरलं. दिवाळीला त्या दोन घरांत फराळाची देवघेव झाली नाही एवढं मला कळलं.

आता कर्जाचा भाग. पॅन, आधार आणि सेल्फी हातात आली की तुमच्या नावाने छोटं डिजिटल कर्ज उचललं जाऊ शकतं. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या (प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या) आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही एकदम काढू नका. आज एक काढा, तीन महिन्यांनी दुसरा. वर्षभर पहारा फुकटात होतो.

अहवाल उघडला की सगळे स्कोअर बघतात. तुम्ही थेट 'इन्क्वायरी' या भागात जा. कोणत्या संस्थेने कर्जासाठी तुमची माहिती मागवली ते तिथं असतं. कर्ज मंजूर होण्याआधीची हालचाल तिथंच कळते. त्यानंतर खाती वाचा, पत्ते आणि मोबाइल नंबर वाचा. अनोळखी पत्ता हीसुद्धा खूण आहे. चूक दिसली की अहवाल देणाऱ्या कंपनीच्या साइटवर 'डिस्प्यूट' नोंदवा आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ईमेलमध्ये या तरतुदीचा उल्लेख केला की काम जरा हलतं.

## टप्पा ६: सिम

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतात. पूर्ण नंबर दिसत नाही, काही अंक झाकलेले असतात. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात, त्यामुळे एखादं वाढीव सिम कुणाच्या सहज लक्षात येत नाही. न ओळखलेल्या नंबरापुढे 'माझा नंबर नाही' निवडून तक्रार करा.

पण दोन मिनिटं थांबा. आईला घेऊन दिलेलं सिम, गावच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसवलेलं सिम, लहान भावाचं सिम, हे सगळं तुमच्याच नावावर असू शकतं. घरी फोन करून विचारा, मगच बटण दाबा.

दुसरी चूक अशी: गेमिंगसाठी घेतलेलं जादा सिम रिचार्ज न करता सोडून देणं. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. त्या नंबराला तुमचं बँक खातं किंवा ईमेल जोडलेला राहिला तर ओटीपी त्या माणसाला जाणार. आधी सगळीकडून नंबर काढा, मग सिम सोडा.

## टप्पा ७: गैरवापर सापडलाच तर

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. पोलीस ठाण्यात जाऊन बसायचं ते नंतर. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत गोठवायचा असतो, तिथं मिनिटं मोजायची. दुसरा फोन बँकेला, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी व्यवहार केला आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून कळवायला 'उद्या बघू' नको.

त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि मग पोलीस ठाणं. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सीखाली गुन्हा आहे, तोतयेगिरी करून फसवणं ६६डीखाली. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं उत्तर मिळालं तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवली जाणारी फिर्याद) मागा. सोबत वही, टप्पा २ चे स्क्रीनशॉट, स्टेटमेंट, २६एएस किंवा क्रेडिट अहवालाची प्रत न्या.

आणि तिथं ताकाला जाऊन भांडं लपवू नका. 'ऑनलाईन शॉपिंग करताना पैसे गेले' असं सांगून आलेल्यांची तक्रार दुसऱ्या दिवशीच फसते, कारण स्टेटमेंटवर सगळं लिहिलेलं असतं. केंद्राच्या २०२५ च्या कायद्यातल्या शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यांचे पैसे फिरवणाऱ्यांना आहेत, नुसतं खेळणाऱ्याला नाहीत. मात्र तुम्ही स्वतःचं खातं किंवा एटीएम कार्ड कमिशनवर कोणाला वापरायला दिलं असेल तर मामला वेगळा. मग तक्रारीआधी वकिलाला भेटा.

## पुन्हा कोणी कागद मागितला तर

व्हॉट्सअ‍ॅपवर कल्याण मटक्याचा ग्रुप चालवणारा किंवा टेलिग्रामवर बेटिंगचा आयडी देणारा आधारचा फोटो मागतो तेव्हा एवढंच स्वतःला विचारा: बेकायदा धंद्याला केवायसी कशाला हवं? त्याला तुमचं खेळणं नको असतं, कागदच विकायचा असतो. हातात कार्ड धरून काढलेला सेल्फी किंवा मान हलवत केलेला व्हिडिओ तर मुळीच नको. बनावट खातं उघडायला यापेक्षा सोपी वस्तू नाही.

परदेशात, जिथं हे खेळ परवान्याने चालतात, तिथल्या मराठी मंडळींसाठी एक सोपी खूण. ब्रिटनमध्ये मे २०१९ पासून परवानाधारक कंपनीने खेळू देण्याआधीच नाव, पत्ता, जन्मतारीख पडताळायची असते. आधी बिनदिक्कत पैसे घेऊन, जिंकल्यावर 'पासपोर्ट पाठवा' म्हणणाऱ्या साइटचा परवाना क्रमांक तिथल्या परवाने देणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनच्या यादीत आधी शोधा. अमेरिकेत असाल तर तिन्ही क्रेडिट संस्थांकडे फ्रीझ (तुमच्या नावाने नवं कर्ज निघू न देणारं कुलूप) फुकट लावता येतो, कागद दिलेले असोत वा नसोत, लावून टाका.

बँकेसारख्या रास्त ठिकाणीही प्रत द्यायची तर तिच्यावर आडवं लिहा: कोणासाठी, कशासाठी, तारीख. कोपऱ्यात नको, फोटो आणि क्रमांकावरून रेघ जाईल असं. कोपरा कापला जातो.

## फेरतपासणी कधी

१५ दिवसांनी कंपनीच्या ईमेलचं उत्तर आलं का बघा आणि वहीतला शेवटचा रकाना भरा. महिन्याने संचार साथी आणि आधारची हिस्ट्री. तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा क्रेडिट अहवाल. २६एएस मात्र एप्रिलमध्ये बघून समाधान मानू नका: जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण भरायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे त्या तिमाहीच्या नोंदी जूनमध्ये दिसू लागतात. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उघडा. जुलै अखेरीस आलात तर आमच्याकडे चहा विचारायलाही वेळ नसतो.